बारा वर्षांचे दोस्त: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात "उन्हाळ्यात घरी बसून काय पाहाल" या यादीत मी 'स्टँड बाय मी' या सिनेमावर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. यादीतल्या बाकीच्या सिनेमांबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळी पत्रं याच एकावर आली, दोन-तीन तर हातानं लिहिलेली, चार-चार पानांची. म्हणून यावेळचं अख्खं सदर यालाच देऊन टाकतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९८६ चा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक रॉब रायनर, स्टीफन किंगच्या 'द बॉडी' या दीर्घकथेवरून केलेला. साल १९५९, उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, ओरेगन राज्यातलं एक छोटं गाव, आणि बारा वर्षांची चार पोरं: गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न. रेल्वेनं उडवलेल्या एका मुलाचं प्रेत जंगलात पडलंय असं त्यांच्या कानावर येतं, आणि ते बघायला, जमलं तर आपणच शोधलं म्हणून पेपरात नाव यावं म्हणून, घरी खोटं सांगून चौघं रुळारुळानं चालत निघतात. जातात, बघतात, परत येतात. दीड तासाचा सिनेमा आहे.

प्रश्न: भाऊ, मी नागपुरात मानेवाडा रोडला राहतो, वय ४६. तुम्ही लिहिलं म्हणून रविवारी पोट्ट्यासोबत बसून पाहिला, तो बारा वर्षांचा आहे. पोट्टा मस्त हसत होता, आणि शेवटी मला अचानक असं रडू आलं की थांबेचना. पोट्टा माझ्याकडे पाहून राहिला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणे काय झालं. मला सांगता येईना. अमेरिकेतली पोरं, माझ्या जन्माच्या आधीचं साल, ना त्यांची भाषा आपली ना गाणी आपली, मग एवढं का लागलं? मी काही रडका माणूस नाही.

उत्तर: भाऊ, तुमचा पोट्टा हसत होता आणि तुम्ही रडलात, या एका वाक्यात अर्धं उत्तर आहे. तुम्ही दोघं एका सोफ्यावर बसून दोन वेगळे सिनेमे बघत होतात. तो त्या चौघांसोबत रुळावर चालत होता. त्याला जळवा दिसल्या, पुलावर मागून येणारी गाडी दिसली, 'पाय' नावाचा गोड पदार्थ खाण्याच्या स्पर्धेची ती घाणेरडी गोष्ट दिसली (माझा भाचा त्या जागी सोफ्यावरून खाली पडला होता हसून). आणि तुम्हाला दिसत होता तो पहिल्याच सीनमधला माणूस. आठवतो? रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून बसलेला, बाजूला पेपर, पेपरात एका वकिलाच्या खुनाची बातमी, आणि दोन पोरं सायकलवर बाजूनं निघून जातात. तो मोठा झालेला गॉर्डी आहे आणि तो वकील म्हणजे क्रिस. म्हणजे बघा, आपण त्या पोरांना भेटायच्या आधीच सिनेमानं सांगून टाकलंय की यातला एक मेलेला आहे, आणि मग पुढचा सगळा वेळ तोच बारा वर्षांचा क्रिस आपल्यासमोर हसतो, भांडतो, बढाया मारतो. बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तो पेपर पाच मिनिटांत पुसला जातो, आपल्या डोक्यातून तो जातच नाही.

दुसरं, आणि मला हेच खरं कारण वाटतं. दोस्तीवरचे आपण जे काही पाहत आलो त्यात बहुतेक ठिकाणी दोस्ती टिकते, जीव देऊन टिकते, शेवटी गळाभेट होते. इथे तसं काहीच होत नाही. चौघं गावात परत येतात, सकाळची वेळ, थकलेले, कोणी फार बोलत नाही, एकेक जण आपापल्या घराकडे वळतो, आणि मागून मोठ्या गॉर्डीचा आवाज सांगतो की पुढे टेडी आणि व्हर्न कमी-कमी भेटायला लागले, मग शाळेच्या व्हरांड्यातले दोन चेहरे झाले, बस. भांडण नाही, दगा नाही, काही नाही. व्हर्न शाळा संपली की लग्न करून चार लेकरांचा बाप झाला आणि लाकडाच्या वखारीत फोर्कलिफ्ट चालवायला लागला. टेडीला सैन्यात जायचं होतं, डोळे आणि कानामुळे घेतलं नाही, काही दिवस जेलमध्ये होता, मग मिळेल ते काम. किंगच्या मूळ कथेत एकटा क्रिसच नाही तर टेडी आणि व्हर्नही तरुणपणीच मरतात, एक कार अपघातात, एक घराला लागलेल्या आगीत. सिनेमावाल्यांनी त्या दोघांना जिवंत ठेवलं आणि मला वाटतं फार शहाणपणाचं काम केलं, कारण मित्र मेला तर आपण रडून मोकळे होतो, पण मित्र जिवंत आहे, त्याच शहरात आहे, मानेवाड्यातून बसनं अर्ध्या तासावर आहे, आणि तरी वीस वर्षं भेट नाही, याच्यासाठी रडायला आपल्याकडे जागाच नसते. तुम्हाला रविवारी ती मिळाली.

आता ती पोरं एकमेकांची एवढी का असतात ते बघा. त्यांच्या घरी काहीतरी मोडलेलं आहे. गॉर्डीचा मोठा भाऊ काही महिन्यांपूर्वी अपघातात गेलाय, तो घरचा लाडका होता, आणि आईबापांना समोर बसलेला हा दुसरा मुलगा दिसतच नाही. दुष्ट नाहीत ते, दुःखात आहेत, पण बारा वर्षांच्या पोराला त्यातला फरक कसा कळणार. टेडीच्या बापानं रागात त्याचा कान स्टोव्हला लावून जाळलाय, बाप वेड्यांच्या इस्पितळात आहे, आणि तरी भंगारवाला जेव्हा त्या बापाला वेडा म्हणतो तेव्हा टेडी चवताळून उठतो, की माझा बाप युद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढलाय. ज्यानं कान जाळला त्याच्याचसाठी रडतो. हा सीन मी कितीदा पाहिला असेल, दरवेळी घशात काहीतरी अडकतं. आणि क्रिस. गावात सगळे म्हणतात या घरातली पोरं वाया गेलेली, मग हाही वाया जाणार. त्यानं शाळेतले दुधाचे पैसे चोरलेले असतात, पण रात्री शेकोटीजवळ तो गॉर्डीला सांगतो की मी ते पैसे बाईंना परत नेऊन दिले होते, आणि तरी शिक्षा मलाच झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात बाई नवा स्कर्ट घालून शाळेत आल्या. चोरापेक्षा मोठ्या चोरानं त्याला फसवलं, आणि हे ऐकून घ्यायला त्या अख्ख्या गावात एक गॉर्डी सोडून कोणी नाही. तो ढसाढसा रडतो. रिव्हर फिनिक्स नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता तो, रायनरनं त्याला म्हणे एवढंच सांगितलं होतं की कोणत्यातरी मोठ्या माणसानं तुझा विश्वास तोडला असेल तो प्रसंग आठव, काय ते मला सांगू नकोस. फिनिक्स स्वतः १९९३ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी गेला. आज हा सिनेमा बघताना तेही सोबत येतंच.

आणि हाच क्रिस गॉर्डीला रागावतो, की तू गोष्टी लिहितोस ते देवानं दिलेलं आहे, तुझ्या घरच्यांना त्याची राखण करता येत नसेल तर कोणीतरी करायला पाहिजे. म्हणजे जे बापानं म्हणायला पाहिजे होतं ते बारा वर्षांचा मित्र म्हणतो. ते दोघं एकमेकांना दोन दिवस सांभाळतात, पोरगा पोराचा बाप होतो, आणि पुढे एक लेखक होतो, दुसरा खरंच शिकून वकील होतो. दोस्ती टिकली नाही पण तिचं काम करून गेली. मला वाटतं तुम्ही त्यासाठी रडलात भाऊ, तुमच्याही आयुष्यात कोणीतरी असं असेल ज्यानं सातवी-आठवीत तुमच्यासाठी काहीतरी केलं आणि तुम्ही ते त्याला कधी सांगितलं नाही.

अमेरिका आणि आपला काय संबंध, असं विचारलंय. गॉर्डी म्हणतो आमच्या गावात १२८१ माणसं होती पण माझ्यासाठी तेच सगळं जग होतं. आता माझं सांगतो. इतवारीहून उमरेडकडे जाणारी छोटी लाईन आमच्या वस्तीच्या मागून जायची. अडीच फुटाची नॅरो गेज, डुलत-डुलत जाणारी गाडी, उमरेड, भिवापूर, नागभीड. १९८४ चा मे, सहावीची परीक्षा झालेली, आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात म्हणून सुट्टी संपता संपायची नाही. आम्ही चौघं. एक टेलरचा पोट्टा, एक पोस्टातल्या काकांचा, एक किराणा दुकानवाल्याचा, आणि मी. दुकानवाल्याच्या पोट्ट्यानं खबर आणली की पुढे नाल्याच्या पुलाजवळ गाडीनं म्हैस कापली. बस, निघालो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, म्हणून ऊन लागू नये यासाठी प्रत्येकाच्या खिशात कांदा, डोक्याला आईचा दुपट्टा, एक पाण्याची बाटली चौघांत. किती चाललो देव जाणे, तेव्हा वाटलं चंद्रपूर येईल आता. रूळ इतके तापलेले की टेलरच्या पोट्ट्याची स्लीपर खालून मऊ पडली. रस्त्यात भांडण झालं, कशावरून ते आठवत नाही, पोस्टातल्या काकांचा पोट्टा म्हणाला मी परत चाललो, आणि वीस पावलं जाऊन उभा राहिला, आम्ही पण उभे राहिलो, कोणी बोलेना, मग तो आला. म्हैस नव्हतीच. आमच्या आधीच कोणी उचलून नेली होती, खडीवर काळा डाग आणि माशा. एका गँगमननं आम्हाला पाहिलं, आधी कान पिळले, मग झोपडीतल्या माठाचं पाणी पाजलं, आणि परत जाताना लाईन सोडून बाजूच्या पायवाटेनं जा म्हणून दम दिला.

एवढंच. यात काही घडलं नाही. पण मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो सुमारे १९९५ मध्ये, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, एका मित्राच्या खोलीत, आणि ती चार पोरं रुळावर चालायला लागली तसा मला कांद्याचा वास यायला लागला. खोटं नाही सांगत. तेव्हा कळलं की साल, गाव, भाषा यानं काही अडत नाही. चालणं तेच आहे. ती छोटी लाईन आता नाही, २०१९ मध्ये बंद झाली, ब्रॉड गेज करायला घेतली, छिंदवाड्याची त्याच्याही आधी गेली. मोतीबागेत रेल्वेचं नॅरो गेज म्युझियम आहे, तिथं जुनी इंजिनं ठेवलीत, पोट्ट्याला घेऊन एकदा जाऊन या.

आणि हो, त्या पोरांची दोस्ती पडद्यावर खोटी वाटत नाही त्याचं कारणही सांगून ठेवतो. शूटिंगच्या आधी रायनरनं चौघांना दोन आठवडे नुसतं एकत्र ठेवलं, नाटकवाले करतात तसे खेळ खेळवले, एकमेकांची सवय लावली. ११ ते १४ वर्षांची पोरं होती. कॅमेरा सुरू झाला तेव्हा ते दोस्त झालेलेच होते. पुलावरच्या गाडीचा सीन लांब पल्ल्याच्या लेन्सनं घेतलाय, त्यामुळे गाडी अंगावर आल्यासारखी दिसते, खरं तर ती बरीच दूर होती, आणि म्हणूनच पोरांना भीती वाटेना, शेवटी रायनर त्यांच्यावर इतका ओरडला की ती खरंच रडायला लागली, मग शॉट झाला. हे मला पटत नाही, पोरांना रडवून शॉट घेऊ नये, पण शॉट जबरदस्त आहे हेही खरं.

प्रश्न: नमस्कार दादा. प्रतापनगरमधून लिहितेय. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, आणि त्याच्या वर्गातल्या एकानं हा सिनेमा पाहिला म्हणून हाही मागे लागलाय. मी आधी एकटीनं पाहिला. शिव्या किती आहेत हो त्यात! पोरं सिगारेट ओढतात, बंदूक आहे, प्रेत आहे. सिनेमा मला आवडला, पण दाखवू की नको?

उत्तर: ताई, आधी एकटीनं पाहिलात हे फार बरं केलंत, सगळ्यांनी असंच करायला पाहिजे. तुमची काळजी खरी आहे. अमेरिकेत या सिनेमाला 'आर' सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा. गंमत बघा, ज्या चार पोरांनी काम केलं त्यातला एकही स्वतःचा सिनेमा थिएटरात एकट्यानं जाऊन बघू शकला नसता.

माझं मत विचाराल तर अकराव्या वर्षी थोडं थांबा, बारा-तेराला दाखवा, आणि सोबत बसून दाखवा. शिव्यांची मला फारशी भीती नाही, आपल्या इथल्या शाळेच्या ग्राउंडवर पंधरा मिनिटं उभं राहिलं तर त्याहून जास्त ऐकू येतं, आणि तुमच्या मुलाला त्या सगळ्या येत असतील, फक्त तुमच्यासमोर येत नाहीत. सिगारेटी तंबाखूच्या नव्हत्या, पण ते पडद्यावर कळत नाही, म्हणून ते तुम्ही सांगा. मला जास्त वाटते ती बंदुकीची. शेवटी मोठी गुंड पोरं चाकू काढतात आणि गॉर्डी बंदूक रोखतो. मूळ कथेत बंदूक क्रिसच्या हातात असते, रायनरनं ती मुद्दाम गॉर्डीला दिली, कारण त्याला ही गोष्ट गॉर्डीची करायची होती, गप्प बसणाऱ्या पोराचा आवाज फुटतो ती जागा हीच. मोठ्यांना ते समजतं, पण लहान पोराला कदाचित एवढंच दिसेल की बंदूक काढली आणि गुंड पळाले. तिथे सिनेमा थांबवून बोलायला हरकत नाही. नाहीतर घरी बघण्याचा फायदा तो काय.

प्रेताबद्दल म्हणाल तर ते दोन-तीनदा दिसतं, रक्तबंबाळ नाही, डोळे उघडे असलेला एक मुलगा. त्यांच्याएवढाच. पोरं आली होती फुशारकीनं, पेपरात नाव छापून आणायला, आणि ते पाहिल्यावर फुशारकी सगळी उतरते. गॉर्डीला भाऊ आठवतो, आणि भाऊ गेल्यापासून जे रडला नव्हता ते तिथे रडतो. शेवटी कोणाला न सांगता नुसता निनावी फोन करून पोलिसांना कळवतात. नाव नको, फोटो नको. आजच्या पोरांना, हातात मोबाईल असलेल्या पोरांना, मला तर हाच भाग सगळ्यात दाखवावासा वाटतो. अपघात झाला की आधी व्हिडिओ काढणारी माणसं आपण वर्धा रोडवर रोज बघतोच की.

मुलगा बघून झाल्यावर काही बोलला नाही तर बोलायला लावू नका. दोन दिवसांनी ताटावर बसल्यावर आपणहून काहीतरी विचारेल.

प्रश्न: मी लॉ कॉलेजला आहे, थर्ड इयर. सगळे सांगतात ग्रेट सिनेमा ग्रेट सिनेमा, म्हणून पाहिला. चांगला आहे, पण मला राग आला. यात मुलगीच नाही! आई आहेत त्या गप्प बसलेल्या, बाई आहे ती चोर. आम्हाला बालपण नव्हतं का? आणि मराठीत असं काही आहे का, की आपण कायम अमेरिकेचंच कौतुक करायचं?

उत्तर: राग बरोबर आहे, आणि मी त्यावर सारवासारव करणार नाही. या सिनेमात मुलींना जागा नाही, पोरांच्या तोंडी मुलींबद्दल जे येतं ते त्या वयाच्या पोरांचं अडाणी बोलणं आहे, सिनेमा ते तसंच ठेवतो. ते खरं आहे म्हणून ठेवलंय, पण खरं असलं तरी तुम्हाला बाहेर ठेवतंच. आणखी एक म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला घरी खोटं सांगून दोन दिवस रुळावर जायला मिळालं असतं का? १९५९ च्या ओरेगनमध्ये नाही, १९८४ च्या नागपुरात तर नाहीच. आमच्या चौघांच्या बहिणी त्या मे महिन्यात कुरड्या घालत होत्या. मी माझ्या बहिणीला परवा विचारलं, तुमची अशी कुठली गोष्ट आहे का ग? तर तिनं गच्चीची सांगितली. कुरड्या राखायला दुपारभर गच्चीवर बसायचं, कावळे हाकलायचे, वर चादर बांधून सावली केलेली आणि खाली तीन मैत्रिणी. म्हणाली त्या गच्चीवर आम्ही जे बोललो ते पुन्हा आयुष्यात कोणाशी बोललो नाही. अर्धा तास सांगत होती, मी तिचा सख्खा भाऊ आणि मला यातलं एक वाक्य माहीत नव्हतं. तो सिनेमा मला बघायचाय. तुमच्यासारख्या कोणीतरी तो करा.

मराठीतलं विचाराल तर आहे ना, आणि मी अमेरिकेच्या बरोबरीनं ठेवीन असं आहे. 'किल्ला' पाहिला नसेल तर आजच बघा. अविनाश अरुणचा, आपल्याकडे २०१५ मध्ये आला, त्याआधी २०१४ ला बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील वारलेले, आईची सरकारी नोकरी, बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणातल्या गावात. तिथे नवी दोस्ती होते, आणि किल्ल्यावर पावसात पोरं त्याला एकट्याला सोडून निघून जातात. मुद्दाम फसवायला म्हणून नाही, अशीच, पोरं जातात तशी. चिन्मयला ते फसवणं वाटतं. तो रुसवा ज्या बारकाईनं दाखवलाय ना, मला 'स्टँड बाय मी'मध्येही तेवढं बारीक काम दिसत नाही, तिथे भांडणं पटकन मिटतात. आणि इथे आई आहे, अमृता सुभाषनं केलेली, नवरा गेलेली, ऑफिसात एकटी पडलेली, म्हणजे पोराची गोष्ट सांगताना बाईला गप्प बसवावंच लागतं असं नाही, हे या सिनेमानं करून दाखवलं.

'शाळा' आहे, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं. त्यात प्रेमाची गोष्ट पुढे आहे, पण मला त्यातली चौघांची टोळकी जास्त आठवते. आणि आपल्या घरचा म्हणाल तर नागराज मंजुळेचा 'झुंड', २०२२ चा, हिंदीत आहे पण पोरं आपल्या नागपूरची, बोली आपली, "काय बे" म्हणणारी. त्यातली पोरं किंचित मोठी आहेत, गोष्टही वेगळी, फुटबॉलची, पण आपल्या शहरातली पोरं पडद्यावर आपल्या भाषेत एकमेकांना जीव लावताना बघणं मला पहिल्यांदा तिथे मिळालं. थिएटरात माझ्या मागे बसलेली पाच-सहा पोट्टी प्रत्येक जागा ओळखून ओरडत होती, मी एकदाही मागे वळून गप्प बसा म्हटलं नाही.

प्रश्न: सिनेमाचं नाव गाण्यावरून आहे की गाणं सिनेमावरून? मित्रांमध्ये पैज लागली आहे. (नागपूरच्या सदर भागातून एक वाचक)

उत्तर: गाणं आधीचं. बेन ई. किंगचं, १९६१ चं. गोष्टीचं नाव 'द बॉडी' होतं, त्यानं लोकांचा भलताच समज होईल म्हणून सिनेमाला गाण्याचं नाव दिलं. आणि सिनेमामुळे तेच गाणं पंचवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, पुन्हा अमेरिकेतल्या पहिल्या दहात आलं. 'गाणं आधीचं' असं जो म्हणाला त्यानं पैज जिंकली, तर्री पोहे त्याला खाऊ घाला.

प्रश्न: मी महालात राहतो, वय ७१. मुलीनं लावून दिला म्हणून हा सिनेमा पाहिला. माझा एक मित्र होता, पहिलीपासूनचा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, आमचे दोघांचे लाकडी बैल बरोबर निघायचे. पंधरा वर्षांपूर्वी पैशावरून बिनसलं. चूक त्याची होती असं मी धरून बसलो. गेल्या पोळ्याच्या आसपास तो गेला, मला दहा दिवसांनी कळलं. सिनेमातला तो लेखकही मित्राला दहा वर्षं भेटलेला नसतो. मला एवढंच विचारायचं आहे की त्याला ते लिहून काय मिळालं? लिहून माणूस परत येतो का?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

परत येत नाही. सिनेमाही तसं म्हणत नाही. क्रिस एका हॉटेलात दोघांचं भांडण सोडवायला मध्ये पडतो आणि चाकू लागून मरतो, म्हणजे लहानपणी जो सगळ्यांची भांडणं सोडवायचा तोच राहिला शेवटपर्यंत, आणि गॉर्डीला हे पेपरातून कळतं. तुम्हाला जसं दहा दिवसांनी कळलं तसंच. तो स्वतःला माफ करतो असं कुठे दाखवलेलं नाही. तो फक्त म्हणतो की भेट नव्हती तरी आठवण आयुष्यभर येत राहील. तेवढ्यात त्याचा मुलगा आणि मुलाचा मित्र दारात येतात, पोहायला न्यायचं कबूल केलं होतं, ते कधीचे वाट बघतायत, आणि मग तो शेवटचं वाक्य टाइप करतो, की बाराव्या वर्षी होते तसे मित्र मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. तो मशीन बंद करतो आणि जातो.

असं सांगतात की रायनरनं हा सिनेमा पहिल्यांदा स्टीफन किंगला दाखवला तेव्हा किंग काही न बोलता खोलीबाहेर निघून गेला, बऱ्याच वेळानं परत आला, कारण त्यातलं बरंचसं त्याचं स्वतःचं होतं. ज्यानं लिहिलं त्यालाही ते सोपं गेलं नाही. म्हणून लिहिलं की मोकळं होता येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण काका, एक गोष्ट तुम्ही पत्रात नुसती जाता-जाता लिहिलीत आणि मी तिथेच थांबलो. दोन लाकडी बैल. तुमच्या मित्राच्या घरी मुलं असतील, नातवंडं असतील. त्यांना त्यांचा बाप माहीत आहे, आजोबा माहीत आहे, पैशावरून झालेलं भांडणही कदाचित माहीत आहे. तो सात वर्षांचा असताना कसा होता, त्याच्या बैलाचा रंग कोणता होता, शिंगांना काय बांधायचा, कोणाच्या घरी बोजारा (बैल घेऊन गेल्यावर पोरांना मिळणारे पैसे, खाऊ) जास्त मिळायचा आणि तो दोघांत कसा वाटून घ्यायचात, हे आता जगात एका माणसाला माहीत आहे. ते तुम्ही आहात.

तिकडे जा. पैशाचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या. फोन करून जाऊ नका, फोनवर लोक नको म्हणतात. सकाळी जा, आठच्या सुमारास, घरात सगळे असतात आणि कोणीतरी चहा टाकतंच. मुलीला सोबत न्या. आणि तुमचा तो बैल अजून माळ्यावर कुठे असेल तर तोही घेऊन जा.